न वाचलेल्या पुस्तकांचं ओझं

"घरात दीडशे पुस्तकं न वाचलेली पडून आहेत आणि मी काल रात्री आणखी दोन मागवली. हा आजार आहे का?" हा प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला बरेच जण येतात. विचारताना आवाज जरा खाली गेलेला असतो. त्यातल्या एका बाईंची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

त्या पार्सलं ऑफिसच्या पत्त्यावर मागवत. घरी नेताना पुस्तक पिशवीत सगळ्यात खाली ठेवत. नवरा काही बोलायचा असं नाही, "पण त्याने नुसतं कपाटाकडे पाहिलं तरी मला लागतं," त्या म्हणाल्या.

आधी आजाराच्या शंकेचा निकाल लावला. कर्ज होतंय का, घरखर्चाचे पैसे जातायत का, घरात वावरायला जागा उरत नाहीये का, एखादी वस्तू टाकायची म्हटलं तरी जीव घाबरा होतो का? साठवणुकीच्या विकाराला २०१३ साली डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक विकारांच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या अमेरिकी ग्रंथात, स्वतंत्र निदान म्हणून स्थान मिळालं, पण तो असा दिसतो. यातलं काही असेल तर मनोविकारतज्ज्ञांकडे जायलाच हवं. यांच्याबाबतीत यातलं काहीच नव्हतं. पुस्तकं आणून न वाचता रचून ठेवण्याला जपानी भाषेत 'त्सुंदोकू' असा शब्दच आहे, हे सांगितल्यावर त्या पहिल्यांदा हसल्या.

मग शेवटच्या पाच खरेद्या कधी आणि कशा झाल्या ते लिहून आणायला सांगितलं. पाचपैकी चार रात्री अकरानंतरच्या निघाल्या, आणि त्या प्रत्येक दिवशी कामावर कुणीतरी त्यांना कमी लेखलेलं होतं. पुस्तकं होती संस्कृत शिकण्याचं, मातीकामाचं, खगोलशास्त्राचं. "मागवताना दहा मिनिटं मी ते सगळं येणारी बाई असते," त्या म्हणाल्या. विकलंड आणि गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये नेमकं हेच मांडलं होतं. आपण जे होऊ पाहतो त्यात कमी पडतोय असं वाटलं, की माणूस त्याची एखादी खूण, इथे पुस्तक, जवळ करतो, आणि खुणेनेच काही काळ समाधान होतं. समाधान झालं की वाचायची निकड उरत नाही. पुढे न वाचल्याची टोचणी लागते, आणि टोचणीने खचलेलं मन रात्री अकराला पुन्हा मोबाइल उघडतं.

इथे माझी एक चूक झाली. मी सहा महिने खरेदी बंद ठेवायला सांगितलं. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी दोन पुस्तकं घेतली आणि आल्या त्या रडवेल्या होऊन. त्यांच्या डोक्यावर मी आणखी एक टोचणी ठेवली होती. बंदी तिथेच उठवली. "पुढच्या वेळी घरातलं एक पुस्तक घेऊन या," एवढंच म्हटलं.

त्यांनी इतिहासाचा एक जाडजूड ग्रंथ आणला. तेविसाव्या पानावर दुकानाचं बिल खुणेला होतं, शाई उडालेलं. म्हटलं, इथेच वाचा, दहा मिनिटं, मीही माझं वाचते. चौथ्या मिनिटाला त्यांचा हात पर्सकडे गेला आणि परत आला. नंतर त्यांनी मागे जाऊन एक परिच्छेद पुन्हा वाचला. दहा मिनिटं झाल्यावर पुस्तक मिटून म्हणाल्या, "मला हे आवडतच नाहीये." आठ वर्षं त्या पुस्तकाने त्यांना आळशी ठरवलं होतं.

माझ्या मते सगळं वळलं ते या वाक्यावर. घरातली पुस्तकं वाचायची म्हणजे सगळी संपवायची, असं त्या धरून चालल्या होत्या. गेलेले पैसे पान रेटत बसल्याने परत येत नाहीत, जातो तो आजचा वेळ. पुढचे दोन महिने त्या रोज एक पुस्तक काढून दहा पानं वाचत होत्या. पकडलं तर पुढे, नाही तर ते द्यायच्या ढिगात. बरीच पुस्तकं वाचनालयाला गेली. मातीकामाचं देताना त्यांना रडू आलं, आणि ते यायलाच हवं होतं, कारण त्या पुस्तकाबरोबर एक इच्छाही निघून जात होती.

नव्यासाठी एक वही केली. पुस्तक हवंसं वाटलं की नाव आणि तारीख लिहायची, सोबत त्या दिवशी काय बिनसलं तेही, आणि हातातल्या पुस्तकाची दोन पानं वाचायची. "जमेल तेव्हा वाचेन" याच्यापेक्षा "असं झालं की हे करेन" असं आधी ठरवलेलं जास्त टिकतं, हा माझा नेहमीचा अनुभव आहे.

शेवटच्या भेटीत त्यांनी वही दाखवली. एकोणीस नावं होती, त्यातली पंधरा त्यांनीच खोडली होती. "चारांतलं एक घेऊ का?" त्यांनी विचारलं.

"कधी वाचणार?"

"हातातलं रविवारी संपतंय. सोमवारी."

त्यांनी माझ्यासमोरच ते मागवलं. पत्ता विचारल्यावर अंगठा क्षणभर थांबला, आणि मग त्यांनी घरचा पत्ता निवडला.