एकट्या कणाचं तापमान कसलं?

प्रश्न : सर्नमध्ये (जिनिव्हाजवळच्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत) म्हणे एकच अँटिप्रोटॉन पकडून थंड करतात. तापमान म्हणजे पुष्कळ कणांची सरासरी असं शाळेत शिकलोय, मग एकट्याचं तापमान कसलं? आणि एवढं करून मिळतं काय?
– एक वाचक, कराड

उत्तर : शंका रास्त आहे. (अँटिप्रोटॉन म्हणजे प्रोटॉनचा उलट्या चार्जचा जुळा, अँटिमॅटरचा कण.) एकट्या कणाकडे त्या क्षणाला अमुक एवढी ऊर्जा असते, बस. पण त्याला 4 केल्विनच्या (उणे 269 अंश सेल्सिअसच्या) आसपास ठेवलेल्या सर्किटशी जोडलं की त्याची ऊर्जा सारखी वरखाली होत राहते, आणि बराच वेळ बघून जी सरासरी निघते तिच्यावरून तापमान काढतात. जोड तोडली की त्या क्षणी पदरात पडली तेवढी ऊर्जा त्याच्याकडे राहते. म्हणजे लॉटरीच की! सर्नमधल्या ‘बेस’ नावाच्या अँटिप्रोटॉनवरच्या प्रयोगात आधी हेच चालायचं, जोडा, तोडा, मोजा, गरम निघाला तर परत जोडा, असं करत करत पुरेसा थंड अँटिप्रोटॉन हाती यायला 15 तास लागायचे.

पुरेसा म्हणजे 0.2 केल्विनच्या खाली. एवढा हट्ट का, तर त्यांना मोजायचं असतं की हा कण स्वतः किती जोराचा लोहचुंबक आहे, आणि त्यासाठी त्याचा स्पिन, म्हणजे त्याच्या चुंबकाची दिशा ठरवणारा गुणधर्म, उलटला की नाही हे कळावं लागतं. स्पिन उलटला की ट्रॅपमधली, म्हणजे चुंबकीय आणि विद्युत क्षेत्रांच्या सापळ्यातली, त्याची हेलकाव्यांची फ्रिक्वेन्सी अगदी किंचित सरकते, कण गरम असेल तर हा फरक त्याच्याच चुळबुळीत बुडून जातो.

2024 मध्ये त्यांनी दोन ट्रॅप शेजारीशेजारी लावले, एकात थंड करायचा, दुसऱ्यात तपासायचा, आणि 15 तासांचं काम 8 मिनिटांवर आलं. हजार वेळा करायचं म्हटलं तर आधी नुसत्या थंड करण्यातच पावणेदोन वर्षं गेली असती, आता साडेपाच दिवस. मला विचाराल तर खरी कमाल इथे आहे, पण बातम्यांमध्ये हे कुठे येतं!

आता मिळतं काय. सीपीटी सिमेट्री, म्हणजे चार्ज, डावं-उजवं आणि काळाची दिशा हे तिन्ही एकदम उलटवलं तरी निसर्गाचे नियम तेच राहतात हे तत्त्व, सांगते की प्रोटॉन आणि अँटिप्रोटॉनचं वस्तुमान तंतोतंत सारखं, चुंबकपणा तेवढाच पण उलटा. 2017 मध्ये अँटिप्रोटॉनचा चुंबकपणा अब्जात दीड भाग एवढ्या बारकाईने मोजला, आणि 2022 मध्ये दोघांचं चार्ज आणि वस्तुमानाचं गुणोत्तर ताडून बघितलं ते एक लाख कोटीत 16 भागांपर्यंत. दोन्हीकडे फरक शून्य. मग विश्वात सगळीकडे मॅटरच का उरलं, अँटिमॅटर गेलं कुठे, याचा धागा काही अजून इथे सापडलेला नाही, म्हणून तर आणखी थंड कण हवाय.