फुगलेला कपॅसिटर घरी बदलावा का?

प्रश्न : आमच्या १९ इंची जुन्या एलसीडी मॉनिटरचे बटण दाबल्यावर दिवा नुसता लुकलुकतो आणि अर्ध्या तासाने पडदा उजळतो. थंडीत त्रास वाढतो. झाकण उघडले तेव्हा पॉवर सप्लायच्या बोर्डावर दोन कपॅसिटरांचे माथे फुगलेले दिसले. मला सोल्डरिंग थोडेफार येते. ते घरी बदलावेत का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आपण सांगितलेली लक्षणे त्या फुगलेल्या माथ्यांशी जुळतात. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर म्हणजे वीज साठवणारी छोटी डबी; तिच्यातील द्राव उष्णतेने सुकत गेला की त्याचा अंतर्गत रोध वाढतो, डीसी पुरवठा स्थिर राहत नाही आणि बोर्ड सुरू होता होताच मान टाकतो. कपॅसिटर गरम झाल्यावर हा रोध तात्पुरता उतरतो, म्हणून अर्ध्या तासाने पडदा उजळतो. अशा कपॅसिटरची धारकता (मायक्रोफॅरडमधला आकडा) साध्या मल्टिमीटरवर पुष्कळदा बरोबर भरते, तेव्हा त्या आकड्यावर विसंबू नये.

काम घरी जमण्यासारखे आहे. मात्र खरा धोका त्याच बोर्डावरील ४०० किंवा ४५० व्होल्टच्या जाड कपॅसिटरचा आहे. २३० व्होल्टच्या पुरवठ्यामुळे त्यावर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी साठतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ टिकू शकतात. स्क्रूड्रायव्हरने त्याची टोके जोडून ठिणगी पाडण्याची रीत दुकानांत दिसते, पण ती उचलू नये. दोन किलोओहम, पाच वॉटचा रेझिस्टर इन्सुलेशन असलेल्या क्लिपांनी काही सेकंद जोडावा आणि व्होल्टेज शून्याजवळ आल्याची मीटरवर खात्री करूनच बोर्डाला हात लावावा.

नवा कपॅसिटर तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, तेवढ्याच किंवा थोड्या अधिक व्होल्टचा, १०५ अंश सेल्सिअसपर्यंत चालणारा आणि ‘लो ईएसआर’, म्हणजे कमी अंतर्गत रोधाच्या, प्रकारचा मागावा. ८५ अंशांचा स्वस्त पडतो, पण बंद झाकणाखालच्या उष्णतेत लवकर दगा देतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेत हा माल सहज मिळतो; जाताना जुन्याची जाडी आणि उंची मोजून न्यावी, कारण जाड नग शेजारच्या हीटसिंकला टेकतो. एकाच रांगेतले न फुगलेले भाऊबंदही त्याच वेळी बदलावेत, असे माझे मत आहे.

काढण्यापूर्वी बोर्डाचा फोटो घ्यावा. कपॅसिटरवरील पट्टा ऋण टोक दाखवतो. बोर्डावरील खुणेची पद्धत मात्र सगळीकडे सारखी नसते. जुने शिसेविरहित सोल्डर सुमारे २१७ अंशांना वितळते, म्हणून त्यावर आधी थोडे ६०/४० (कथील-शिशाचे) सोल्डर चढवावे, म्हणजे ते लवकर सैल होते. मग दोन्ही पाय आळीपाळीने तापवत कपॅसिटर हळूहळू डोलवून काढावा. ओढाताण केल्यास तांब्याचा पॅड उखडतो आणि लहानसे काम वाढून बसते. छिद्रे डीसोल्डर विकने (वितळलेले सोल्डर शोषणाऱ्या तांब्याच्या जाळीने) मोकळी करून नवा नग बोर्डाला टेकवून बसवावा.

पहिल्यांदा वीज देताना ६० वॉटचा जुना तारेचा पिवळा बल्ब (एलईडी नव्हे) सिरीजमध्ये ठेवावा आणि चेहरा दूर ठेवावा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. तो पूर्ण उजळलेलाच राहिला तर बिघाड मेन्सच्या (२३० व्होल्टच्या) बाजूला आहे, आणि तेथून पुढचे काम तंत्रज्ञाकडे सोपवावे.