नववीची बाकं आधी मोजा

ताई, शिक्षण समितीवर नव्यानेच आलात, म्हणून एक सांगतो. लोकसंख्येच्या आकड्यावरून वर्गखोल्या मोजायला बसू नका. आपलं बदलापूरच बघा: २००१ च्या जनगणनेत सुमारे ९८ हजार, २०११ ला १ लाख ७४ हजार. त्यानंतर किती टॉवर उभे राहिले, ते स्टेशनवर उतरलं की दिसतंच!

त्यापेक्षा यू-डायसमधली, म्हणजे शाळांच्या सरकारी माहितीसाठ्यातली, इयत्तावार पटसंख्या काढा. आज पाचवीत असलेली मुलं चार वर्षांनी नववीत येणार, हे गणित सोपं. त्यात नव्या इमारतींच्या भोगवटा प्रमाणपत्रांवरून येणाऱ्या कुटुंबांचा अंदाज मिळवा. दाखला घेऊन बाहेर जाणारी मुलंही वजा करायला विसरू नका.

खरी अडचण आठवीनंतर. शिक्षण हक्क कायदा १४ वर्षांपर्यंतच, आणि पालिकेच्या बऱ्याच शाळा सातवी-आठवीला थांबतात. पुढे अनुदानित शाळेत जागा नसली तर उरतं स्वयंअर्थसहाय्यित शाळांचं शुल्क. ते न परवडणाऱ्या घरात आधी मुलीची शाळा सुटते. म्हणून नववीच्या जागा वेगळ्या मोजा; 'एकूण जागा पुरेशा' या वाक्यावर सही करू नका.

आणि विकास आराखड्यातली शाळा-मैदानाची आरक्षणं आजच तपासा. दहा वर्षांत जागा ताब्यात आली नाही, तर नगररचना कायद्याच्या (एमआरटीपी) कलम १२७ खाली मालक नोटीस देतो आणि मुदतीत पालिका हलली नाही की आरक्षण जातं. नवी शाळा होईतोवर दुपारचं अधिवेशन, म्हणजे त्याच वर्गांत दुसरी पाळी, हाच आधार. पण हिवाळ्यात सहानंतर लगेच अंधार पडतो, मुली घरी कशा जाणार ते आधी विचारा.