प्रशिक्षण झाले, तरी ॲव्हरेज पुन्हा का घसरते?

भिवंडीतील आपल्या १२ ट्रकांच्या ड्रायव्हरांना डिझेल वाचवण्याचे एक दिवसाचे प्रशिक्षण दिल्यावर महिनाभर ॲव्हरेज (लिटरमागे धावलेले किलोमीटर) वाढले आणि तिसऱ्या महिन्यात पुन्हा होते तिथेच आले, असे आपण लिहिले आहे. मुंबईत मालवाहतुकीच्या गाड्या सांभाळताना मलाही हेच दिसले होते, म्हणून पुन्हा व्याख्यान ठेवण्याआधी गाड्या गोदामातून किती वाजता सुटतात ते तपासावे, असे मी सुचवेन. शहरात अवजड वाहनांना बंदीचे तास असतात. माल भरायला उशीर झाला की बंदी लागण्याआधी नाका ओलांडण्यासाठी ड्रायव्हर गाडी दामटतो, आणि त्या डिझेलचा हिशेब खरे तर गोदामाच्या नावावर लिहायला हवा. ताशी ६० ऐवजी ८० च्या वेगाने गेल्यास हवेचा विरोध जवळपास पावणेदोन पट होतो.

वेळ सुधारल्यावर प्रशिक्षकाला वर्गात नव्हे, तर ड्रायव्हरच्या शेजारी, त्याच्या नेहमीच्या मार्गावर आणि भरलेल्या गाडीत बसवावे. पहिल्या फेरीत त्याने एक शब्दही बोलू नये. घोडबंदर रस्त्यावर पुढची रांग दिसत असतानाही रेस देत जाऊन शेवटी करकचून ब्रेक मारण्याची सवय किती डिझेल खाते, हे दुसऱ्या फेरीत तिथल्या तिथे दाखवता येते. आताच्या इंजिनांत गाडी गियरमध्ये ठेवून एक्सलरेटरवरून पाय काढला की इंधनाचा पुरवठा जवळजवळ थांबतो, तर न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवण्यापुरते इंधन जळतच राहते. ही एक गोष्ट पटली की अर्धे काम झाले, कारण बहुतेक जुने ड्रायव्हर नेमके याच्या उलट शिकलेले असतात.

माझी मोठी चूक इथेच झाली होती. मी ॲव्हरेजची यादी कार्यालयात लावली आणि पहिल्या तिघांना बक्षीस जाहीर केले. परिणामी काही जण बोरघाट न्यूट्रलमध्ये उतरू लागले. इंजिनाचा रोध नसल्याने सगळा भार ब्रेकवर येतो आणि ते तापून निकामी होऊ शकतात. यादी मी त्याच आठवड्यात काढली. आता ड्रायव्हरची तुलना दुसऱ्याशी न करता, त्याच मार्गावरच्या आणि तितक्याच वजनाच्या त्याच्याच मागील फेऱ्यांशी करतो, आणि हिशेब टाकी फुल ते टाकी फुल असाच धरतो.

बंदराच्या रांगेत इंजिन चालू ठेवून उभे राहणे हा वेगळा खर्च आहे. मोठी गाडी अशी तासाला एक-दोन लिटर डिझेल सहज जाळते. टायरमधील हवा आठवड्यातून एकदा, टायर थंड असताना तपासावी.

फायदा किती, असेही आपण विचारले आहे. दिवसाला २०० किलोमीटर धावणाऱ्या गाडीचे ॲव्हरेज ४ वरून ४.४ झाले, तर रोज सुमारे साडेचार लिटर डिझेल वाचते, म्हणजे जवळपास १२ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जात नाही. या बचतीतला ठरलेला वाटा ड्रायव्हरला पगाराबरोबरच द्यावा. सहा महिन्यांनी देऊ म्हटलेल्या पैशावर त्याचा विश्वास बसत नाही, आणि तो बसू नये असेच बहुतेक मालक वागलेले असतात. पावसाळ्यातले आकडे मात्र मे महिन्याशी ताडू नयेत. खड्डे आणि कोंडीमुळे घटलेल्या ॲव्हरेजचा दोष एकदा ड्रायव्हरच्या माथी मारला, की पुढच्या महिन्यापासून तो आकडे लपवू लागतो.