सरकारी बँकेत प्रस्तावावर सही का होत नाही

कर्ज विभागात नव्याने रुजू झालेल्या अधिकाऱ्याचा प्रश्न असा आहे की प्रस्तावात खोट नसतानाही वरून दर आठवड्याला नवी क्वेरी येते, नकार कोणी देत नाही आणि सहीही कोणी करत नाही. मग इथे राहावे की खासगी बँक गाठावी?

वरिष्ठांना भित्रे ठरवण्यापूर्वी त्यांच्या भीतीचे कारण पाहा. कर्जखाते थकले की स्टाफ अकाउंटेबिलिटीची, म्हणजे त्यात कोणत्या कर्मचाऱ्याची चूक होती याची, चौकशी लागते, आणि चौकशी करणाऱ्याला कर्ज बुडाल्याचे आधीच माहीत असते. मंजुरी देणाऱ्याला ते ठाऊक असणे शक्यच नव्हते. याउलट, क्वेरींची उत्तरे देता देता ज्या लघुउद्योजकाच्या हातची ऑर्डर गेली, त्याच्या फाइलबद्दल कोणीही जाब विचारत नाही. निर्णयाचीच तेवढी चौकशी होते, दिरंगाईची होत नाही, आणि माझ्या मते सगळ्या दुखण्याचे मूळ इथेच आहे.

ही भीती निराधारही नव्हती. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या जुन्या कलम १३ प्रमाणे, लोकहित नसताना कोणाला आर्थिक लाभ मिळवून दिला, तर अधिकाऱ्याने स्वतः एक पैसाही घेतलेला नसला तरी तो गुन्हा ठरू शकत असे. हा भाग २०१८च्या दुरुस्तीने वगळला गेला. पण त्याच वर्षी जूनमध्ये पुणे पोलिसांनी बांधकाम व्यावसायिक डी. एस. कुलकर्णी यांच्या समूहाच्या (डीएसके) कर्ज प्रकरणात बँक ऑफ महाराष्ट्रच्या तत्कालीन व्यवस्थापकीय संचालकांना अटक केली आणि काही महिन्यांनी त्यांच्याविरुद्ध पुरावा नसल्याचे न्यायालयाला कळवले. ती बातमी वाचलेल्या अधिकाऱ्याचा हात सही करताना अडखळला, तर मी त्याला दोष देणार नाही. पुढे ऑक्टोबर २०२१ मध्ये अर्थ मंत्रालयाने ५० कोटींपर्यंतच्या थकीत खात्यांसाठी, फसवणुकीची प्रकरणे वगळून, नवी चौकट दिली. खाते एनपीए (अनुत्पादक कर्ज) झाल्यापासून ६ महिन्यांत चौकशी संपवावी आणि अधिकाऱ्याची आधीची कामगिरीही विचारात घ्यावी, असे त्यात आहे. ती चौकट मुळातून वाचा.

तुमच्या हातात प्रस्तावासोबतची टिपणी आहे, आणि ती उत्तम लिहिणे हेच या नोकरीतले खरे कौशल्य आहे. त्या दिवशी कोणती माहिती उपलब्ध होती, कोणती जोखीम दिसत होती आणि ती का पत्करली, हे स्पष्ट लिहा. डेव्हिएशन, म्हणजे नेहमीच्या निकषांपासून फारकत, असेल तर ते मंजूर करण्याचा अधिकार कोणत्या परिपत्रकाने कोणाला दिला आहे, ते क्रमांक व तारखेसह नोंदवा, कारण परिपत्रके बदलतात आणि चौकशीचे पत्र बहुधा तुमची बदली झाल्यावर येते. सर्व शंका एकत्रित कळवाव्यात अशी लेखी विनंती करा, आणि विलंबाने ग्राहकाचे व बँकेचे काय नुकसान होईल, त्यासाठी टिपणीत स्वतंत्र परिच्छेद ठेवा. ‘उशीर करण्यातही जोखीम आहे’ हे कागदावर आले की सही न करणाऱ्यालाही कारण लिहावे लागते. तोंडी सूचना मिळाली तर त्याच दिवशी ईमेलने तिची खातरजमा करून घ्या.

खासगी बँकेत सह्या लवकर होतात हे खरे, परंतु तिथे टार्गेटचा धाक असतो. केवळ क्वेरींना कंटाळून नोकरी सोडू नका. मात्र जुन्या तारखेची टिपणी लिहायला किंवा नोंदवलेली जोखीम पुसायला कोणी सांगितले, तर लेखी नकार द्या आणि त्या विभागातून बदली मागा.