स्क्रीन नंतर बघू, आधी वायर दाखवा

कोल्हापूरच्या उद्यमनगरात मोटर वायंडिंग करत माझी वीस वर्षं गेली आणि रविवारी गळ घेऊन पाण्यावर जायचा नाद त्याच्याही आधीचा, त्यामुळे बोटीला बॅटरीवरची मोटर लावणारे सगळे शेवटी मलाच गाठतात. प्रश्न भरपूर साठलेत. फिशफाइंडर, म्हणजे पाण्याखालचा तळ आणि मासे स्क्रीनवर दाखवणारं यंत्र, कुठला घेऊ हे सगळ्यात जास्त जणांनी विचारलंय, आणि ज्यांनी विचारलंय त्यांच्या बोटीतल्या वायरी बघितल्या तर तुम्ही डोक्याला हात लावाल. म्हणून तो प्रश्न आज घेतच नाही.

गारगोटीहून एक दादा: बारा फुटी फायबरची बोट आहे, 55 पाउंड थ्रस्टची (म्हणजे ढकलायच्या जोराची) बारा व्होल्टची ट्रोलिंग मोटर घेतली. घरच्या जुन्या कारची बॅटरी लावली तर पाऊण तासात मोटर बसते, परत येताना वल्हं मारत यावं लागतं. मोटर खराब निघाली का?

मोटर ठणठणीत आहे दादा, बॅटरीच चुकीची आहे. कारची बॅटरी म्हणजे शंभर मीटर पळणारा गडी, त्याला तुम्ही जोतिबाचा डोंगर चढायला लावताय. तिच्यातल्या प्लेटा पातळ आणि संख्येनं जास्त असतात, का तर स्टार्टर मारताना दोन सेकंद भरपूर करंट द्यायचा आणि मग अल्टरनेटरनं लगेच परत भरून घ्यायचं एवढंच तिचं काम. तळापर्यंत उतरवून परत चार्ज करणं तिला सोसत नाही, असं वीस-पंचवीस वेळा केलं की ती गेलीच समजा.

आता हिशोब बघा. तुमची मोटर फुल स्पीडला साधारण 50 अँपिअर ओढते, म्हणजे 600 वॅट. छोट्या कारची बॅटरी 35 एएचची (एएच म्हणजे अँपिअर गुणिले तास), तीही जुनी. पाऊण तास चालली हीच तिची मेहरबानी.

घ्यायची तर ट्युब्युलर घ्या, म्हणजे नळीसारख्या जाड प्लेटांची, इन्व्हर्टरची किंवा ई-रिक्षाची. पण 150 एएच लिहिलंय म्हणून 50 अँपिअरनं तीन तास चालेल असं धरू नका. तो आकडा बहुतेक वेळा 20 तासांच्या हिशोबानं असतो, म्हणजे साडेसात अँपिअरनं सावकाश काढले तर 150. दाबून काढायला लागलात की तीच बॅटरी बरीच कमी देते, शिवाय शिशाची बॅटरी निम्म्याच्या खाली नेली की तिचं आयुष्य झपाट्यानं घटतं. मी तर मनात सरळ निम्मे धरतो. आणि मोटर निम्म्या स्पीडवर चालवा, करंट निम्म्याहूनही खाली येतो आणि बोट काही निम्म्यानं हळू होत नाही. पण एक आहे, पाच खटक्यांची साधी मोटर असेल तर कमी स्पीडला काही पॉवर आतल्या कॉइलमध्ये उष्णता होऊन वाया जाते, गोल फिरणारा स्मूद कंट्रोल असलेल्या मोटरीत ती बचत खरी होते.

वजनाचं विसरू नका. इन्व्हर्टरची उंच ट्युब्युलर ॲसिडसकट 50 किलोच्या पुढं जाते. मोटर मागं, तुम्ही मागं, बॅटरी पण मागं ठेवली तर बोटीचं नाक आभाळाकडं. बॅटरी मधे किंवा पुढं घ्या, खाली लाकडी चौकट ठोका आणि पट्ट्यानं आवळून बांधा, उंच बॅटरी लाटेत कलंडली की ॲसिड बोटीत. पण बॅटरी पुढं नेली की वायर लांबते, आणि तिथंच पुढच्या दादांचं दुखणं आहे.

इचलकरंजीचे दादा: बॅटरी नवी 150 एएच ट्युब्युलर, फुल चार्ज. तरी मोटर फुलला जोर धरत नाही आणि वायर हाताला चटका बसेल एवढी तापते. घरच्या वायरिंगची अडीच एमएम वायर वापरली आहे, तीच एसीला पण चालते ना?

चालते की. पण घरी 230 व्होल्ट आहेत हो. दीड टनाचा एसी सात-आठ अँपिअर ओढतो, तुमची मोटर 45-50 ओढते. व्होल्ट कमी झाले की तेवढ्याच पॉवरला करंट वाढतो, आणि वायर तापते ती करंटनं.

इचलकरंजीचे म्हणजे यंत्रमागवाले, तुम्हाला हिशोब सांगायला हरकत नाही. बॅटरीपासून मोटर चार मीटर लांब असेल तर जाऊन-येऊन आठ मीटर वायर. अडीच एमएममध्ये (म्हणजे अडीच चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्यात) 45 अँपिअरला जवळजवळ पावणेतीन-तीन व्होल्ट वाटेतच जातात. बारातले तीन गेले तर मोटरला उरले नऊ, मग ती काय जोर धरणार? वर सव्वाशे वॅटच्या आसपास वायरीत जळतायत, चटका बसतो तो त्याचा. हेच 16 एमएम तांब्याची वायर घातली तर अर्ध्या व्होल्टच्याही आत भागतं.

16 एमएमची वायर शोधत फिरू नका, वेल्डिंग केबल मागा, आपल्याकडं गल्लोगल्ली फॅब्रिकेशनवाले आहेत त्यांना विचारा. मऊ असते, बारीक तारांची असते, बोटीत वळवायला सोपी. फक्त घेताना टोक ब्लेडनं खरवडून बघा. वरून तांबूस आणि आतून पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियम, ठेवून द्या तिथंच. कार ऑडिओच्या स्वस्त किटमध्ये ही हमखास असते.

थिंबल, म्हणजे वायरच्या टोकाला बसते ती भोकाची धातूची टोपी, हातोडीनं ठोकून बसवायची नाही. हे मी अनुभवानं सांगतोय. पहिल्या बोटीला मीच घाईत थिंबल व्हाइसमध्ये चेपली होती, वरून डाग (सोल्डर) पण दिला, दिसायला एकदम झकास. तिसऱ्या रविवारी काळम्मावाडी धरणाच्या पाण्यावर करपल्याचा वास आला, बघतो तर बॅटरीच्या कव्हरचं प्लॅस्टिक थिंबलपाशी मेणासारखं ओघळलेलं आणि पितळी नट निळा-काळा पडलेला. जॉइंट सैल म्हणजे तिथं रेझिस्टन्स, रेझिस्टन्स म्हणजे उष्णता, उष्णतेनं डाग पातळ, मग जॉइंट अजून सैल. तेव्हापासून हायड्रॉलिक क्रिंपिंग, म्हणजे मशीननं थिंबल दाबून घ्यायची, वर गोंदवाली हीट श्रिंक (तापवली की आवळते ती नळी), आणि आवळून झाल्यावर टर्मिनलला व्हॅसलिन. क्रिंपिंगचं मशीन विकत घ्यायची गरज नाही, पॅनेल बनवणारा कुठलाही माणूस दोन मिनिटांत करून देतो.

आणि दादा, तुमच्या पूर्ण पत्रात फ्यूज हा शब्द कुठंच नाही! बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात फ्यूज पाहिजेच, तुमच्या मोटरीला 60 अँपिअरचा. तो मोटरपाशी लावून उपयोग नाही, कारण तो वाचवतो वायरीला, आणि वायर घासून शॉर्ट होणार ती मधेच कुठंतरी. घरातली एमसीबी काढून लावू नका, ती घरच्या एसी करंटसाठी बनवलेली असते आणि बॅटरीच्या डीसी करंटची ठिणगी विझवताना तिची फजिती होते. डीसीचा ब्रेकर घ्या, नाहीतर कार ॲम्प्लिफायरला असतो तसला जाड फ्यूज होल्डरसकट.

कागलहून: मोटर चालू केली की फिशफाइंडरवर पाऊस पडल्यासारखे ठिपके येतात, बंद केली की जातात. कंपनीला पाठवू का?

नका पाठवू. स्मूद स्पीड कंट्रोलवाली मोटर करंट सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करते, तो गोंधळ एकाच बॅटरीवर असलेल्या फिशफाइंडरला ऐकू जातो. त्याला स्वतंत्र छोटी बॅटरी द्या. यूपीएसमध्ये असते ती बारा व्होल्ट 7 एएचची, पाच इंची स्क्रीन साधारण अर्धा अँपिअर खाते, सकाळी गेलात तर दुपारपर्यंत आरामात. ट्रान्सड्युसरची, म्हणजे पाण्यात आवाज सोडून परत आलेला ऐकणाऱ्या फिशफाइंडरच्या भागाची, वायर मोटरच्या केबलबरोबर एकाच प्लॅस्टिकच्या पट्टीत बांधली असेल तर ती पण सोडवा, वीतभर लांबून न्या, आणि जिथं एकमेकींना ओलांडायचंच आहे तिथं आडव्या काटकोनात. दहातल्या नऊ बोटींत एवढ्यानं पाऊस थांबतो.

शाहूपुरीतून एक कॉलेजचा मुलगा: अमेरिकेतल्या बास बोटींचे व्हिडिओ बघतो, त्यांच्याकडं 36 व्होल्टची मोटर, चार-चार बॅटऱ्या, तीन-तीन स्क्रीन. मी निदान 24 व्होल्ट करू का? फिशफाइंडर त्यातल्या एका बॅटरीवर टाकीन म्हणतोय.

भावा, मी पण बघतो ते व्हिडिओ, आमच्या घरात त्यावरून शिव्या बसतात. पण त्या बोटी वीस फुटी, मागं 200-250 हॉर्सपॉवरचं इंजिन. इंजिन स्टार्ट करायला आणि स्क्रीनला एक बॅटरी, नाकावरच्या ट्रोलिंग मोटरला तीन बॅटऱ्या सिरीजमध्ये, झाले 36 व्होल्ट. बास मासा काठच्या झाडीत, लाकडांत दबून बसतो, म्हणून दिवसभर वाऱ्यात बोट जागेवर धरून ठेवायची आणि गळ टाकत राहायचं, त्यासाठी ती ताकद. आपल्या पाण्यात बास नाही. मरळ पण तशीच दबा धरून बसते म्हणा, पण ती काठाच्या गवतातनं पायी फिरून पण मिळते.

थ्रस्टचा ढोबळ नियम असा, माणसं-सामानासकट दर 45 किलोला 2 पाउंड. तुझी बोट भरून 400 किलो धरली तर 18 पाउंड, वाऱ्यासाठी दुप्पट धर. म्हणजे बारा व्होल्टमध्येच काम झालं. 24 चा खरा फायदा एवढाच की तेवढ्याच पॉवरला करंट निम्मा, वायर बारीक चालते. पण मोटर 24 ची पाहिजे. बारा व्होल्टच्या मोटरला 24 दिलेस तर ती पोहोचेल थेट माझ्या टेबलावर, वायंडिंगला.

आणि सिरीजमधल्या एकाच बॅटरीवर फिशफाइंडर अजिबात टाकायचा नाही. ती बॅटरी दुसरीपेक्षा जास्त उतरते, चार्जर दोघींना सारखंच भरतो, मग एक उपाशी राहते आणि एक उकळते. तसंच एक जुनी एक नवी अशी जोडी पण लावू नको, बैलगाडीला एक बैल म्हातारा जुंपला तर काय होतं?

पन्हाळ्याहून: लोकल मेकरकडून लिथियम बॅटरी बनवून घेतोय, बारा व्होल्ट 100 एएच. काय बघून घेऊ?

पहिलं विचारा आत कुठली लिथियम. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) पाहिजे, 3.2 व्होल्टचे चार सेल सिरीजमध्ये म्हणजे 12.8, बारा व्होल्टच्या सामानाला बरोबर बसतं. ई-बाईकवाले बऱ्याचदा एनएमसीचे (निकेल-मँगनीज-कोबाल्टचे) सेल वापरतात, त्यात तीन लावले तर 11.1 आणि चार लावले तर फुल चार्जला 16.8, दोन्हीकडून अडचण. दुसरं, बीएमएस (सेल सांभाळणारं आतलं सर्किट) किती अँपिअर सतत देतो ते लिहून घ्या, 50 ची मोटर असेल तर 100 चा घ्या. सुरुवातीच्या झटक्याला छोटा बीएमएस खटकन बंद होतो आणि तुम्ही धरणाच्या मधोमध.

वजनाची मजा मात्र हिच्यात आहे. साधारण बारा-तेरा किलो, आणि 100 पैकी 80-90 वापरता येतात. शिशाची तेवढी वापरायला दुप्पट एएच घ्यावी लागते. पण व्होल्टमीटर बघून लिथियम किती उरली ते कळत नाही, व्होल्टेज शेवटपर्यंत सपाट राहतं आणि मग एकदम कड्यावरून खाली. शंट लावलेला मीटर घ्या, तो आत-बाहेर गेलेले अँपिअर मोजतो. चार्जर 14.6 चा एलएफपीचाच. जुन्या शिशाच्या चार्जरमध्ये सल्फेट काढायचा मोड असतो, तो 15 च्या वर जातो, हिला चालणार नाही.

राधानगरीहून एक ताई: आमचे हे पाण्यावरनं आले की बॅटरी स्वयंपाकघरात आणून चार्जिंगला लावतात, कारण पॉइंट तिथंच आहे. मला वास येतो. घातक आहे का?

आहे ताई, आणि हे दाजींना वाचून दाखवा. शिशाची बॅटरी चार्ज होत आली की हायड्रोजन सोडते, हवेत 4 टक्के झाला की ठिणगीनं पेटतो, आणि शेजारी तुमची शेगडी. हायड्रोजनला स्वतःला वास नसतो. तुम्हाला कुजक्या अंड्यासारखा वास येत असेल तर बॅटरी ओव्हरचार्ज होतेय किंवा एखादा सेल गेलाय, चार्जर भिंतीवरच्या बटणानं बंद करा, खिडक्या उघडा, आधी क्लिपा ओढू नका, ठिणगी पडते. सोप्यात नाहीतर पडवीत एक पॉइंट काढून घ्या, उघड्या हवेत. ॲसिड सांडलं तर खायचा सोडा टाका, फसफसायचं थांबलं की भरपूर पाण्यानं धुवा.

कसबा बावड्यातून: ट्रान्सड्युसर बोटीला भोक न पाडता आतून चिकटवला तर चालतो का?

भरीव फायबर असेल तर चालतो. आत फोम असेल, किंवा लाकूड-ॲल्युमिनियम असेल तर नाही. मधे हवेचा एक बुडबुडा राहिला तरी आवाज तिथंच अडतो. म्हणून आधी पाणी भरलेली प्लॅस्टिकची पिशवी तळावर ठेवून तिच्यावर ट्रान्सड्युसर दाबून बघा, तळ नीट दिसला तर मगच चिकटवा. पाण्याचं तापमान मात्र चुकीचं दाखवेल, तो बोटीच्या बुडाचं मोजतो. आणि 200 किलोहर्ट्झवर कोन साधारण 20 अंशाचा, म्हणजे दहा मीटर खोलीला तळाशी जेमतेम साडेतीन मीटरचा गोल दिसतो, सगळं धरण नाही.

परवानगीचं चौघांनी विचारलंय, एकाच दमात सांगतो. धरणं बहुतेक मच्छीमार संस्थांना ठेक्यानं दिलेली असतात, त्यांना विचारल्याशिवाय गळ टाकू नका, आणि राधानगरीचं बॅकवॉटर अभयारण्यात येतं, तिथं वनखात्याला विचारल्याशिवाय बोट उतरवायचं मनातही आणू नका.

आजऱ्याहून: जून ते सप्टेंबर बोट बंद. बॅटरी कुठं आणि कशी ठेवू? फरशीवर ठेवली की उतरते म्हणतात.

फरशीचं जुन्या रबरी डब्यांच्या काळातलं आहे, आताच्या प्लॅस्टिकच्या डब्याला काही होत नाही. शिशाची असेल तर फुल चार्ज करून, डिस्टिल्ड वॉटर टाकून ठेवा, विहिरीचं नाही, नळाचं नाही. महिन्यातनं एकदा चार्ज. चार्जिंगनंतर चार-पाच तासांनी मीटर लावला तर 12.7 च्या आसपास पाहिजे, 12.2 दिसलं म्हणजे निम्मी झाली. उतरलेल्या अवस्थेत चार महिने ठेवलीत तर प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं, मग ती फक्त दार अडवायच्या कामाची. लिथियम उलट, निम्मी भरून ठेवायची आणि वायरी काढून.

ऑक्टोबरात परत जोडाल तेव्हा फिशफाइंडरचा प्लग काढून ठेवा, आधी मीटरनं प्लस-मायनस बघा आणि मगच प्लग लावा. मी पावसाळ्यानंतर अंधारात, पहाटे साडेचारला, मोबाईल तोंडात धरून वायरी जोडल्या होत्या. लाल वायर चिखलानं काळी झाली होती, काळी तर काळीच.