काचबिंदूच्या प्रकारानुसार कॉर्नियाचा (डोळ्याच्या समोरच्या पारदर्शक पडद्याचा) कडकपणा वेगळा असतो का?

सरासरी पाहिली तर हो. नॉर्मल टेन्शन काचबिंदूत, म्हणजे डोळ्यातला दाब 21 मिमी पाऱ्याच्या वर न जाताही डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस खराब होते त्या प्रकारात, कॉर्निया तुलनेने मऊ, पटकन दबणारा आढळतो. दाब वाढलेल्या ओपन अँगल प्रकारात, म्हणजे डोळ्यातलं पाणी बाहेर जायचा कोन उघडा असतो त्या प्रकारात, तो जास्त ताठ दिसतो. पण त्यातला काही ताठपणा निव्वळ आतल्या दाबाचा, टम्म फुगवलेल्या फुग्यासारखा. म्हणून तुलना करताना दाब आणि कॉर्नियाची जाडी दोन्ही जमेस धरावी लागतात.

मोजतात हवेचा झोत मारून. कॉर्निया आत दबताना एकदा सपाट होतो, परत येताना पुन्हा एकदा. त्या दोन क्षणांच्या दाबांतला फरक म्हणजे हिस्टेरेसिस. निरोगी डोळ्यात साधारण 10-11 मिमी पारा. हा कडकपणा नव्हे, धक्का पचवायची क्षमता आहे (इथेच बहुतेकांची गल्लत होते). काचबिंदूत तो बहुधा कमी भरतो, स्यूडोएक्स्फोलिएशन प्रकारात (डोळ्यात भुकटीसारखे कण साचतात तो) तर बऱ्याचदा आणखी कमी, आणि कमी असेल तर आजार वेगाने वाढण्याची शक्यता जास्त.

शिवाय मऊ कॉर्नियावर गोल्डमन टोनोमीटर (डोळ्याचा दाब मोजायचं नेहमीचं यंत्र) दाब खऱ्यापेक्षा कमी दाखवू शकतो.

मात्र एकट्या हिस्टेरेसिसच्या आकड्यावरून काचबिंदूचा प्रकार ठरत नाही. त्यासाठी गोनिओस्कोपी (डोळ्यातला कोन पाहण्याची तपासणी), नसेची तपासणी आणि फील्ड टेस्टच (नजरेच्या आवाक्याची चाचणी) लागते.